खाण्याजोगी फुलं आणि अँटीऑक्सिडंट : डब्यावर लिहिलंय त्यातलं खरं किती?

शेवंती
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, विषय आधी येऊन गेला असेल तर सांगा.

वाढदिवसाला बहिणीने वाळवलेल्या फुलांच्या चहाचा डबा दिला. आत तीन पुड्या : निळी गोकर्ण, लाल ‘हिबिस्कस’ आणि गुलाबाच्या पाकळ्या. डब्यावर बारीक अक्षरात वाचून दमेन इतके गुण छापलेत. रक्तदाब, साखर, त्वचा, केस, झोप, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘अँटीऑक्सिडंटचं भांडार, ब्लूबेरीच्या कित्येक पट’. एवढं सगळं चिमूटभर पाकळ्यांत मावत असेल तर मी इतकी वर्षं भाज्या निवडत का बसले?

प्रश्न तीन. हे ‘कित्येक पट’ कुणी आणि कसं मोजलं? रोज प्यायलं तर फायदा होतो का? आणि चहा सोडून ताजी फुलं खायची तर कुठली चालतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा. ‘आमच्या ओळखीत एकाला गुण आला’ छापाचे प्रतिसादही चालतील, पण वेगळे कळू द्या.

उंटावरचा
सगळं थोतांड. फुलं देवाला आणि केसात. पुढचा धागा.

काचपात्र
उंटावरचा, इतकं सोपं नाही. काही वर्षं मी याच चाचण्या करून पोट भरलंय, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे लागलं.

डीपीपीएच नावाचं एक रसायन असतं. अल्कोहोलमध्ये विरघळवलं की गर्द जांभळं दिसतं. त्यात फुलाचा अर्क टाकायचा आणि अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कात अँटीऑक्सिडंट, म्हणजे अशा अस्थिर रेणूंना शांत करणारी द्रव्यं, असतील तर जांभळा रंग फिका होत पिवळ्याकडे जातो. किती फिका झाला ते यंत्रात ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशावर वाचायचं. झाली चाचणी. बघायला छान वाटतं, पहिल्यांदा केली तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं. पण तिथे काचेच्या भांड्यात एक रसायन दुसऱ्या रसायनाला भेटतं, एवढंच घडतं. जठर नाही, आतडं नाही, यकृत नाही.

शिवाय तो अर्क आम्ही बहुतेक वेळा मेथॅनॉलमध्ये काढायचो, कारण त्यात जास्त पॉलिफेनॉल (वनस्पतींतली अँटीऑक्सिडंट द्रव्यं) उतरतात. मेथॅनॉल विष आहे. तुम्ही फुलं गरम पाण्यात टाकणार, म्हणजे आकडा तिथेच बदलला.

अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच आकड्यांची एक यादी ठेवली होती, ‘ओरॅक’ नावाची. २०१२ मध्ये ती संकेतस्थळावरून काढून टाकली. कारण असं दिलं की या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नाही आणि विक्रेते जाहिरातीत त्यांचा गैरवापर करतात.

आता ‘कित्येक पट’. ताज्या ब्लूबेरीत ८४ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तुमच्या पुडीतल्या पाकळ्या खडखडीत वाळलेल्या. १०० ग्रॅम वाळकं आणि १०० ग्रॅम ओलं शेजारी ठेवून तुलना केली की वाळकंच जिंकणार. आणि कपात पाकळ्या टाकता किती? दीड ग्रॅम धरा. म्हणजे ते १०० ग्रॅम संपवायला साठ-सत्तर कप. डब्यावर हा हिशोब कधी छापत नाहीत.

शेवंती
काचपात्रदादा, दंडवत. साठ कपांचं गणित नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, डबा वर्षभर पुरेल.

निळावंती
आयडीवरून कळलंच असेल, गोकर्ण माझा जीव की प्राण. शेवंतीताई, काचपात्रांचं यंत्र घरी नसलं तरी एक गंमत स्वयंपाकघरात करून बघता येते. पाच-सहा गोकर्ण उकळत्या पाण्यात टाका आणि झाकून ठेवा. पाच मिनिटांत पाकळ्या पांढुरक्या होतात आणि पाणी शाईसारखं निळं. ते दोन पेल्यांत ओता. एकात लिंबू पिळा : थेंब पडतो तिथून जांभळी रेघ खाली उतरते, मग सगळा पेला जांभळा-गुलाबी होतो. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, तो हिरवट होतो.

हा रंग अँथोसायनिनचा. पाण्याचा आंबटपणा कमी-जास्त झाला की त्याचा रेणू रूप बदलतो. जांभळं, लाल, गुलाबी, कृष्णकमळी अशा बऱ्याच फुलांत हेच रंगद्रव्य असतं आणि डब्यावरच्या ‘अँटीऑक्सिडंट’ शब्दाचा मोठा भाग तेच. गोकर्णातलं अँथोसायनिन जरा चिवट असतं, म्हणून निळा टिकतो. पण उकळत ठेवलं किंवा बरणी उन्हात राहिली की तेही उडतं. वाळवायची तर सावलीत, आणि हवाबंद काळोखात ठेवायची.

काचपात्र
निळावंती, मस्त. जाता जाता, गोकर्णाबद्दल दोन ठिकाणी दोन निर्णय झालेत. अमेरिकेत २०२१ मध्ये गोकर्णाच्या पाण्यात काढलेल्या अर्काला खाद्यरंग म्हणून परवानगी मिळाली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २०२२ मध्ये वाळलेल्या फुलांना हरकत घेतली. या वनस्पतीत सायक्लोटाइड नावाची कड्यासारखी बंद प्रथिनं असतात, ती उष्णतेने सहज मोडत नाहीत, म्हणून शंका. रंगापुरता वापर वेगळा आणि रोज तांब्याभर पिणं वेगळं, असं मी त्याचं वाचन करतो.

साधीसुधी
छान धागा. मी ऐकलंय की सदाफुलीची चार-पाच फुलं रोज सकाळी चावून खाल्ली की साखर आटोक्यात राहते. कुणाला अनुभव?

मात्रा
साधीसुधी, कृपा करून नको. मी आहारतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा येतो. सदाफुलीत अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी वनस्पतींतली रसायनं, असतात. विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं त्याच झाडातून मिळाली, आणि ती वाढणाऱ्या पेशींचं विभाजन थांबवतात. अशा झाडाची फुलं अंदाजाने चावायची नसतात. ‘औषधी’ शब्द ऐकला की आपण ‘निरुपद्रवी’ समजतो, तिथे घोटाळा होतो.

शेवंती, दुसऱ्या प्रश्नावर येते. तुमची लाल पुडी बहुधा आपल्या कुंडीतल्या जास्वंदीची नसेल. चहाचं ‘हिबिस्कस’ म्हणजे बहुतेक वेळा लाल अंबाडी, रोझेल. त्यात पाकळी नसतेच. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जो मांसल लाल पेला उरतो तो वाळवतात. हातात घेऊन बघा : जाड, सुरकुतलेलं, आंबट असेल तर तेच.

सगळ्या फुलांच्या चहांत माणसांवरचा बऱ्यापैकी पुरावा याच एका चहाचा आहे. २०१० मध्ये अमेरिकेत ६५ जणांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तदाब किंचित वाढलेला, पण गोळ्या सुरू नसलेले लोक. काहींना रोज २४० मिलिलिटरचे तीन कप रोझेल, बाकीच्यांना तशाच चवीचं आणि रंगाचं दुसरं पेय. सहा आठवड्यांनी वरचा रक्तदाब चहावाल्यांचा सरासरी ७.२ ने उतरला, दुसऱ्यांचा १.३ ने. फरक खरा आहे. पण तो तीन कपांचा आहे, सहा आठवड्यांचा आहे, आणि गोळी न घेणाऱ्यांचा आहे.

हे शेवटचं का ठासून सांगतेय? माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी लाल चहा सुरू केला आणि ‘आता नैसर्गिक मिळालंय’ म्हणून गोळी परस्पर बंद केली. तीन आठवड्यांनी डोकं धरून आल्या, रक्तदाब १८० च्या वर. चहाचा दोष काहीच नव्हता. उलटही होतं : गोळी चालू आणि वर हा चहा पोटभर, मग उठताना चक्कर. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

उंटावरचा
म्हणजे एक चहा थोडासा चालतो. बाकी थोतांडच ना? मी काय वेगळं म्हणालो होतो?

काचपात्र
तू फक्त ‘थोतांड’ म्हणालास, पुढचं आम्ही म्हणालो. :)

शरीरात काय होतं त्याचा एक अभ्यास मला आवडतो. २०१३ चा आहे. ८ पुरुषांना ५०० मिलिग्रॅम अँथोसायनिन दिलं, पण त्यातल्या कार्बनवर खूण करून, म्हणजे तो पुढे कुठे जातो ते शोधता यावं. त्यातला १२ टक्क्यांच्या आसपास लघवीत आणि श्वासात सापडला. श्वासात म्हणजे रेणू पार मोडून त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला. मूळ निळा-लाल रेणू रक्तात फार थोडा दिसतो, जास्त दिसतात ते त्याचे तुकडे. आतड्यातले जिवाणू आणि यकृत त्याची मोडतोड करतात. काही फायदा असेल तर तो बराचसा या तुकड्यांचा असावा. डीपीपीएचच्या नळीत हे तुकडे नसतातच. आम्ही मोजायचो एक आणि अंगी लागायचं भलतंच.

मात्रा
आणि नळीत जे गुण म्हणून दिसतं ते ताटात कधी अवगुण ठरतं. पॉलिफेनॉल लोहाला धरून ठेवतात. १९९९ च्या एका अभ्यासात जेवणासोबत वेगवेगळे चहा देऊन लोह किती कमी शोषलं जातं ते मोजलं होतं. साधा काळा चहा ७९ ते ९४ टक्के घट. लिंडेनच्या फुलांचा चहा ५२, कॅमोमाईल ४७. ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे त्यांनी फुलांचा चहा जेवणाला चिकटून पिऊ नये, दीड-दोन तासांचं अंतर ठेवावं. ‘कॅफीन नाही म्हणजे कधीही प्या’ असं नाही.

निळावंती
माझं हिमोग्लोबिन नेहमी कमी आणि मी जेवल्यावर कॅमोमाईल घेते, झोप येते म्हणून. आजपासून वेळ बदलली. वाचनखूण साठवली.

कुंडीतला
उशिरा आलो, तिसरा प्रश्न अजून शिल्लक दिसतोय. मी गच्चीत खाण्यासाठीच फुलं लावतो, तेव्हा लांबड लावणार आहे.

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. अँटीऑक्सिडंट नंतर बघू. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोत्रा, कळलावी, रातराणी, घाणेरी, डॅफोडिल, हायड्रेंजिया, फॉक्सग्लोव्ह ही विषारी. ताटात सजावटीलाही नकोत. नावांवर तर मुळीच विसंबू नका. वाटाण्याचं फूल खातात, पण त्याच्यासारखं दिसणारं सुवासिक स्वीट पी विषारी. मोगऱ्याचं फूल चहात चालतं, पण इंग्रजीत जॅस्मिनच म्हणवणारी एक पिवळी वेल घातक आहे. पूर्ण वनस्पतिशास्त्रीय नाव जुळल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. मुलांना तर ‘फुलं खातात’ असं मोघम शिकवूच नका, ‘हे एक फूल खातात’ असं शिकवा.

दुसरा मुद्दा, फूलवाल्याकडची फुलं. ती दिसण्यासाठी वाढवलेली असतात. बेल्जियममध्ये गुलाब, जरबेरा आणि शेवंतीचे ९० नमुने तपासले तर मिळून १०७ प्रकारची कीटकनाशकं-बुरशीनाशकं सापडली, एका नमुन्यात सरासरी दहा. सगळ्यात वाईट हाल गुलाबाचे. एका समारंभात केकवर गुच्छातली फुलं खोचलेली मी स्वतः पाहिलीत, देठ सरळ क्रीममध्ये. माझ्या वाटचा तुकडा मी बाजूला ठेवला, तर यजमानीणबाई रुसल्या. धुऊन सगळं जात नाही, कारण काही औषधं झाडाच्या आत भिनलेली असतात. रोपवाटिकेतून फुलावर आलेलं रोप आणलंत तर तो बहर खुडून टाका, पुढचा खा.

आता आनंदाचं बोलू. माझं लाडकं नास्टर्शियम. केशरी, मागे शेपटीसारखी नळी असलेलं फूल. सकाळी ऊन चढायच्या आत तोडायचं, झटकायचं (आत मुंगी असतेच), आणि अख्खं तोंडात. आधी नळीतला मधाचा गोड थेंब लागतो, मग दोन सेकंदांनी मोहरीसारखा झटका नाकात जातो. तो झटका आयसोथायोसायनेट नावाच्या झणझणीत रसायनाचा. फूल चावून पेशी फुटल्या की तिथल्या तिथे तयार होतो, मोहरीत आणि मुळ्यात होतो तसाच. म्हणून हे फूल शिजवू नये, चव मरते.

गुलाबाची आणि शेवंतीची पाकळी घेताना बुडाचा पांढरा भाग कापा, कडू असतो. मोठ्या फुलांतले केसर काढा, परागाने ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होतो. शेवंती, झेंडू, कॅमोमाईल एकाच कुळातली, तेव्हा एकाने खाज सुटली तर बाकीच्यांना सावध. बोराजची निळी फुलं सुंदर दिसतात, काकडीसारखी लागतात, पण त्या झाडात यकृताला बाधणारी अल्कलॉइडं असतात. मी वर्षातून दोन-चार खातो, चहा करत नाही.

उंटावरचा
एका फुलात मोहरी, दुसऱ्यात काकडी. मग सरळ मोहरी आणि काकडी खाल्ली तर?

मात्रा
उंटावरचा, तुम्ही फुलं आधीपासूनच खाताय. भाजीवाल्याकडे ‘फ्लॉवर’ मागता ते काय? न उमललेला फुलोराच तो. ब्रोकोली म्हणजे कळ्यांचा गुच्छ, लवंग म्हणजे वाळलेली कळी, केपर्स म्हणजे खारवलेल्या कळ्या, केशर म्हणजे फुलातल्या कुक्षी, आणि केळफूल तर नावातच आहे. २०१० मध्ये ३१०० हून जास्त पदार्थांचे अँटीऑक्सिडंट आकडे एकत्र केले होते, त्यात लवंग पार वरच्या ओळीत होती. आता तीही वाटीभर कुणी खात नाही, हा काचपात्रांचा मुद्दा आहेच. पण फ्लॉवर, ब्रोकोली, केळफूल आपण वाटीभर खातो. तंतू मिळतात, पोट भरतं. सॅलडवर टाकलेलं पॅन्सीचं फूल एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. फुलांमधून काही कमवायचं असेल तर ज्या फुलांची भाजी होते त्यांच्यापासून सुरुवात करा.

उंटावरचा
फ्लॉवर हे फूल आहे हे माझ्या डोक्यात चाळीस वर्षांत आलं नव्हतं. हरलो.

साधीसुधी
सदाफुली बंद. :) मात्राताई, झेंडू डोळ्यांना चांगला म्हणतात ते तरी खरं का?

मात्रा
अर्धं. डोळ्यांसाठी ल्युटीन या पिवळ्या रंगद्रव्याच्या गोळ्या येतात, त्यातलं ल्युटीन बहुतेक करून मोठ्या झेंडूच्या पाकळ्यांतूनच काढतात. अंड्याचा बलक पिवळाधमक व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यातही तेच घालतात. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध ल्युटीन साठतं हेही खरं. पण ते तेलात विरघळणारं आहे. झेंडूचा चहा केलात तर पाण्यात ते फारसं उतरत नाही, चोथ्यातच राहतं. हिरव्या पालेभाजीत भरपूर असतं, वर चमचाभर तेलाची फोडणी असली की अंगीही लागतं.

आणि ‘जास्त घेतलं तर जास्त चांगलं’ म्हणणाऱ्यांसाठी : फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन किंवा ई जीवनसत्त्व देऊन बघितलं, फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त. गाजरातून, फुलातून येणारं कॅरोटीन वेगळ्या मात्रेत येतं, त्याची भीती नको. अर्काच्या गोळ्यांची असू द्या.

शेवंती
मंडळी, दोन दिवस गायब होते, कारण प्रयोगशाळा उघडली होती. सहा वाट्या, लिंबू, सोडा, आणि दारात उभा नवरा.

गोकर्ण : निळावंती म्हणाली तस्संच. ती जांभळी रेघ बघायला मी तीनदा लिंबू पिळलं.

लाल पुडी : जाड, सुरकुतलेली, आंबट. रोझेलच. सोडा टाकला तर फसफसली आणि मळकट निळसर झाली.

गुलाब : इथे गडबड. पाकळ्या टाकताक्षणी पाणी सरबतासारखं लालभडक. लिंबू टाकलं, लाल. सोडा टाकला, तरी लाल. काहीच होईना. पांढऱ्या रुमालावर थेंब सांडला तो साबणाने गेला नाही. हे काय असावं?

काचपात्र
गुलाबाच्या पाकळ्यांचं पाणी मुळात फिकट येतं, लिंबाने गुलाबी खुलतं आणि सोड्याने हिरवट-पिवळं पडतं. भडक लाल, तेही क्षणात, आणि सोड्याला दाद न देणारं, म्हणजे वरून रंग मारल्याचा दाट संशय. खात्री मात्र या चाचणीने होत नाही. बिटाचा रंग मिसळला असेल तरी लिंबू-सोड्याने ढिम्म हलणार नाही, कारण ते अँथोसायनिन नाही, वेगळं द्रव्य आहे. बोगनवेलही त्याच जातकुळीतली. नक्की काय ते कागदावर रंग वेगळे करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर पिऊ नका.

शेवंती
विक्रेत्याला लिहिलं होतं. उत्तर आलं : ‘आमची उत्पादनं १०० टक्के नैसर्गिक व अँटीऑक्सिडंटयुक्त आहेत.’ खाली पुढच्या खरेदीवर सवलत. पुडी कचऱ्यात गेली, रुमाल पुरावा म्हणून ठेवलाय. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

उंटावरचा
कुंडीतला, ते नाकात जाणारं नास्टर्शियम… बी कधी पेरायचं?

कुंडीतला
कडाक्याची थंडी नको आणि कडक ऊनही नको, त्या बेताने. बी वाटाण्याएवढं आणि टणक असतं, रात्रभर पाण्यात भिजव, बोटाच्या एका पेराएवढं खोल लाव. आणि खत घालू नकोस. भारी मातीत नुसती पानं माजतात, फूल धरत नाही.

उंटावरचा
पानं खातात का?

कुंडीतला
खातात. फुलापेक्षा जास्त झोंबतात. तुला आवडतील.